फॉरमॅट करण्याआधी: डेस्कटॉप संगणकातील नेहमीचे बिघाड कसे शोधावेत

संगणक बिघडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे फॉरमॅट मारून टाकण्याचा, अर्थात डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवण्याचा. या सल्ल्याने काही वेळा संगणक खरोखरच सुरळीत चालू लागतो आणि म्हणूनच तो इतका रुळला आहे. परंतु सैल झालेली रॅम (संगणकाची तात्पुरती मेमरी), धुळीने भरलेला पंखा, अशक्त झालेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा निकामी होत चाललेली हार्ड डिस्क यांपैकी कशावरही फॉरमॅट हा उपाय नाही. त्यात घरातले फोटो, दुकानाचे हिशेब आणि शाळेचे निकाल मात्र पुसले जातात. बिघाडाचा माग काढण्यासाठी विंडोजने ज्या नोंदी साठवलेल्या असतात, त्याही त्याबरोबर जातात. म्हणून घरी, दुकानात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नव्याने डेस्कटॉप हाताळू लागलेल्यांसाठी येथे बिघाड शोधण्याचा एक क्रम दिला आहे. संगणकावर विंडोज १० किंवा ११ आहे असे गृहीत धरले आहे.

क्रमाचे सूत्र साधे आहे: आधी आपली माहिती सुरक्षित करावी, मग बाहेरून आत तपासत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल बदलली, रॅम काढून बसवली आणि नवा ड्रायव्हरही (एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) टाकला, हे सारे एकाच बैठकीत केले तर संगणक चालू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही, आणि तोच बिघाड पुढच्या महिन्यात परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पडद्यावर संदेश आला तर तो लगेच बंद न करता मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. शेजारी वही ठेवून त्यात त्रास केव्हापासून आहे, त्याआधी नवे काय जोडले किंवा बसवले, त्रास सतत होतो की अधूनमधून, या तीन गोष्टी लिहाव्यात. पुढे दुरुस्ती करणाऱ्याकडे जायची वेळ आली तर या वहीचा उपयोग कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त होतो.

वीज, यूपीएस आणि अर्थिंग

संगणक अजिबात सुरू होत नसेल तर त्याला वीज मिळते आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून सॉकेट चालू असल्याची खात्री करावी. त्यानंतर एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून संगणकाची केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावी. कॅबिनेटच्या मागे, जेथे वीज केबल जोडली जाते तेथे, बहुधा एसएमपीएसचे स्वतःचे एक बटण असते. त्यावर उभी रेघ आणि शून्य अशी दोन चिन्हे असतात आणि रेघेची बाजू दाबलेली असेल तेव्हाच वीज आत जाते. झाडलोट करताना हे बटण नकळत दाबले जाण्याचे प्रकार नेहमी घडतात.

थेट भिंतीला लावल्यावर संगणक चालू झाला तर संशय एक्स्टेंशन बोर्ड किंवा यूपीएसवर जातो. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची लहान लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत क्षीण होते. वीज गेल्याक्षणी संगणकही बंद पडणे हे तिचे ठरलेले लक्षण आहे. अशा वेळी संपूर्ण यूपीएस न बदलता फक्त बॅटरी बदलता येते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही जोडू नये, कारण कागदावर शाई पक्की करणारा त्याचा तापणारा भाग अचानक इतका विद्युतप्रवाह ओढतो की लहान यूपीएस त्या भाराखाली बंद पडतो.

वीज मिळते आहे हे नक्की झाले, तरीही कॅबिनेट निपचित असेल तर भिंतीवरचे बटण बंद करून केबल काढावी, संगणकाचे पॉवर बटण १५ ते २० सेकंद दाबून धरावे आणि मग केबल परत लावून पाहावे. आतल्या भागांत अडकून राहिलेला विद्युतभार निघून गेल्यावर काही संगणक एवढ्यानेच सुरू होतात. तसे झाले नाही तर बहुधा एसएमपीएस, पॉवर बटणाची आतली वायर किंवा मदरबोर्ड (सारे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) यांपैकी एकात दोष असतो. दुरुस्ती करणारा दुसरा चांगला एसएमपीएस जोडून काही मिनिटांत खातरजमा करू शकतो. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये. त्यात आलेली २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात बदलून कपॅसिटरमध्ये साठते आणि केबल काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकते. पाल किंवा मुंग्या आत शिरल्याने एसएमपीएस जळण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास होतात, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या फटींवर पत्र्याच्या पट्ट्या बसवून घ्याव्यात.

येथे अर्थिंगबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण जुन्या इमारतींत आणि गावाकडच्या घरांत हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहिलेला असतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर हलक्या मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर संगणक खराब झाला आहे असे समजण्याआधी सॉकेटच्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. एसएमपीएसमध्ये विजेचा उपद्रवी कल्लोळ गाळण्यासाठी फेज आणि पत्रा, तसेच न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये दोन लहान कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने एरवी केवळ चुणचुण जाणवते. परंतु अशा संगणकाला प्रिंटर जोडताना पोर्ट जळू शकतात, आणि उद्या एसएमपीएसमध्येच खरा दोष निर्माण झाला तर तो प्रवाह अंगातून जाण्यापासून अडवणारे काहीही उरत नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला जोडणारा अडॅप्टर त्यामुळे संगणकासाठी वापरू नये. वायरमनला बोलावून अर्थिंगची तपासणी करून घेण्याचा खर्च नव्या मदरबोर्डच्या मानाने किरकोळ असतो. हे काम पुढे ढकलू नये असा माझा आग्रह आहे.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा

ही तक्रार सर्वाधिक वेळा ऐकू येते आणि बहुतेक वेळा तिची कारणे घरच्या घरी दूर करता येतात. मॉनिटरवर 'नो सिग्नल' असा संदेश दिसत असेल तर मॉनिटर आणि त्याची वीज ठीक आहे, केवळ संगणकाकडून चित्र पोहोचत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. मग मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडले आहे का, हे पाहावे. एचडीएमआय केबल लावलेली असताना मॉनिटर व्हीजीएवर चित्र शोधत असेल तर पडदा काळाच राहणार. त्यानंतर कॅबिनेटची मागची बाजू पाहावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या आडव्या पट्टीतील पोर्टला लावलेली हवी. वरच्या बाजूला, यूएसबी पोर्टांशेजारी असलेल्या मदरबोर्डच्या पोर्टला लावल्यास पुष्कळ संगणकांवर काहीच दिसत नाही.

संगणक आतून चालू आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे कीबोर्डवरील कॅप्स लॉक किंवा नम लॉकची कळ दाबून पाहणे. कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जिवंत आहे आणि दोष चित्राच्या मार्गात, म्हणजे केबल, पोर्ट, ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटरमध्ये आहे. दिवा हलतच नसेल तर संगणक सुरुवातीच्या स्वयंतपासणीतच अडकला आहे असे समजावे. या तपासणीत दोष सापडल्यास काही मदरबोर्ड ठरावीक बीप वाजवतात, तर नव्यांपैकी बऱ्याच मदरबोर्डांवर रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि डिस्क यांसाठी चार लहान दिवे असतात. बीपचा अर्थ बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारे मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतो, म्हणून तीन बीप म्हणजे अमुकच असे ऐकीव सूत्र लावू नये. आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतच तो पाहावा.

अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे रॅमचा बिघडलेला स्पर्श. संगणक वॉरंटीत असेल आणि कॅबिनेटवर सील असेल तर ते तोडण्याआधी विक्रेत्याला विचारावे. अन्यथा पुढील क्रमाने काम करावे. भिंतीवरील बटण बंद करून सर्व केबली काढाव्यात, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवावे. फरशीवर चप्पल न घालता उभे राहून कॅबिनेटच्या आतल्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार तेथे उतरतो. आधी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवावा. मग रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेरच्या बाजूला दाबावेत, म्हणजे ती वर उचलली जाते. तिला कडांवर धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. पट्ट्यांवर काळपटपणा असेल तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून रबराचा भुगा मऊ ब्रशने झाडावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर ते अधिक चांगले, कारण जोराने घासलेले खोडरबर सोन्याचा पातळ थर झिजवते. तोंडाने फुंकर मारण्याचा मोह टाळावा, कारण थुंकीचे सूक्ष्म थेंब पट्ट्यांवर बसून गंज धरतात.

रॅम परत बसवताना तिच्या खालच्या कडेवरील खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खटके आपोआप मिटल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम बाहेरून बसल्यासारखीच दिसते आणि नवशिक्यांचे अनेक प्रयत्न येथेच फसतात. दोन रॅम असतील तर आधी एकच बसवून संगणक चालू करावा, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी बसवून पाहावे. यावरून दोष कोणत्या रॅममध्ये आहे हे उघड होते. एकच रॅम कोणत्या स्लॉटमध्ये बसवायची हे पुस्तिकेत दिलेले असते. डीडीआर५ प्रकारची रॅम काढून बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची जुळणी करत असतो आणि तेवढी काही मिनिटे पडदा काळाच राहतो. घाईने बटण दाबून हे काम मध्येच तोडू नये.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात हा त्रास वाढतो. महिनाभर बंद ठेवलेल्या संगणकात दमट आणि खारट हवेने स्पर्शबिंदू काळे पडतात. सुट्टीच्या काळातही आठवड्यातून एकदा संगणक तासभर चालू ठेवला तर आतल्या उबेने ओलावा निघून जातो. विजा कडाडत असताना मात्र वीज केबलबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढून ठेवावी. बरेच जण पहिली काढतात, दुसरी विसरतात, आणि मग नेटवर्क पोर्टसह मदरबोर्ड जळालेला आढळतो.

तारीख चुकीची दिसते

संगणक प्रत्येक वेळी सुरू होताना काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल आणि त्याच सुमारास बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळांवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येऊ लागला असेल, तर या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. मूळ कारण असते मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलण्याआधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा फोटो काढावा, कारण बॅटरी काढली की तेथील जुळणी मूळ स्थितीत जाऊ शकते आणि डिस्क चालवण्याची पद्धत, उदाहरणार्थ एएचसीआय किंवा रेड, बदलली गेल्यास विंडोज सुरूच होत नाही. घाबरून फॉरमॅट करण्याचा एक प्रसंग असाही येतो. वास्तविक तेथे जुनी निवड परत केली की काम भागते.

नवी बॅटरी अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावी. बायोसमधील बदलानंतर विंडोजने ४८ अंकी बिटलॉकर किल्ली (डिस्कवरील कुलूपबंद माहिती उघडणारा क्रमांक) मागितली तर ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ही किल्ली नसेल तर डिस्कवरील माहिती कोणालाही उघडता येत नाही, म्हणून ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

विंडोजपर्यंत पोहोचतच नाही

'बूट डिव्हाइस सापडले नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर संगणकाला लावलेले पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क आधी काढाव्यात. संगणक पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसला असण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, हे पाहावे. दिसत नसेल तर संगणक बंद करून, केबल काढून, डिस्कची सॅटा केबल आणि वीज जोडणी दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. नाव दिसत असेल पण विंडोज सुरू होत नसेल तर दोष बहुधा डिस्कच्या जोडणीत नसून विंडोजच्या फाइलींत आहे. विंडोजचा प्रारंभ लागोपाठ काही वेळा अपुरा राहिला की दुरुस्तीचा निळा मेनू आपोआप येतो. त्यातील 'स्टार्टअप रिपेअर' आधी, मग 'सिस्टिम रिस्टोअर' आणि मग नुकतेच आलेले अपडेट काढून टाकण्याचा पर्याय, या क्रमाने वापरावे. या तिन्हींत आपल्या फाइली शाबूत राहतात. सिस्टिम रिस्टोअरने त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम जाऊ शकतात, एवढेच.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा नवा आवाज येत असेल, फाइल उघडताना संगणक मिनिटभर गोठत असेल किंवा फोल्डर नाहीसे होऊ लागले असतील, तर बाकीचे सारे बाजूला ठेवून महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. आधी सर्वांत मौल्यवान आणि आकाराने लहान फाइली घ्याव्यात, चित्रपट आणि गाणी शेवटी. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवू नये, कारण तो डिस्कवर बराच ताण टाकू शकतो आणि तिचे उरलेले आयुष्य त्यात खर्ची पडते. टकटक स्पष्ट असेल आणि माहितीची दुसरी प्रत कुठेच नसेल तर संगणक लगेच बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. प्रत्येक वेळी 'एकदा चालू करून पाहू' म्हणत घालवलेली मिनिटे येथे महाग पडतात.

संगणक मंद चालतो

मंदपणाच्या तक्रारीत सर्वप्रथम स्टार्ट मेनूतून 'रीस्टार्ट' करावे. 'शट डाउन' करून परत चालू केले म्हणजे तेच झाले असे वाटते, पण विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यात शिरलेला गोंधळही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते.

त्रास उरलाच तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक अडखळत असतानाच सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांकडे पाहावे. कोणता रकाना शंभर टक्क्यांजवळ आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. मेमरी भरलेली असेल तर ब्राउझरचे उघडे टॅब कमी करावेत. ४ जीबी रॅम असलेल्या संगणकात ८ जीबी करून घेतल्याचा फरक ताबडतोब जाणवतो. सीपीयू भरलेला असेल तर सर्वांत वरचा प्रोग्राम कोणता हे पाहावे. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस बसवलेले असणे हे वारंवार आढळणारे कारण आहे आणि त्यांपैकी एक काढून टाकणे हा त्यावरचा उपाय. 'स्टार्टअप' विभागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. रोज न लागणारे तेथे बंद करावेत.

डिस्कचा रकाना सतत शंभर टक्के दाखवत असेल आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझे मत स्पष्ट आहे: इतर उपायांत वेळ न घालवता एसएसडी बसवून घ्यावी. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८ मिलिसेकंदांहून थोडी जास्त वेळ घेते. हवी ती फाइल वाचकशीर्षाखाली येण्याची वाट पाहण्यात वेळ जात असल्याने विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती याच कामात हजारोंच्या घरात जाते, आणि आजचे विंडोज सुरू होताना अशाच असंख्य लहान फाइली वाचत असते. जुनी डिस्क आहे तशी नव्या एसएसडीवर उतरवता येते, त्यामुळे येथेही फॉरमॅटची सक्ती नाही. मात्र विंडोज १० चे मोफत आणि नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहेत आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात असावी लागते. म्हणून जुन्या संगणकावर मोठा खर्च करण्याआधी तो विंडोज ११ चालवू शकतो का हे 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामने पाहून घ्यावे.

सकाळी ठीक चालणारा आणि दुपारी मंदावणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर संगणक अचानक बंद होतो. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या छताखालच्या दुकानात, धुळीने भरलेल्या पंख्याचा संगणक यापेक्षा वेगळे काही करू शकत नाही. वर्षातून किमान दोनदा कॅबिनेट बाहेर नेऊन ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती हवेने भरधाव फिरून खराब होत नाहीत. ओले फडके आतमध्ये वापरू नये. कॅबिनेट भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवलेले असेल तर हातभर पुढे ओढावे. धूळ काढूनही तापमान उतरले नाही तर प्रोसेसर आणि त्यावरील हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या संगणकाबाबत एक खूण लक्षात ठेवावी: पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणारा आणि लगेच चालू केल्यास आणखी लवकर बंद पडणारा संगणक बहुधा उष्णतेने त्रस्त असतो, तर गेम किंवा व्हिडिओचे जड काम सुरू करताक्षणी बंद पडणाऱ्यात एसएमपीएस अपुरा ठरत असण्याची शक्यता अधिक असते.

निळा पडदा

विंडोज अचानक कोसळल्यावर निळ्या पडद्यावर, किंवा विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळ्या पडद्यावर, दिसणारा थांबा-संकेत (स्टॉप कोड) लिहून घ्यावा. असा पडदा एखादेवेळीच आला तर दुर्लक्ष करण्यास हरकत नाही; तो पुनःपुन्हा आला तर त्याच्या आसपास कोणता ड्रायव्हर, प्रोग्राम किंवा अपडेट बसवला होता हे पाहावे. यासाठी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधावी. तेथे दिवसागणिक काय बसवले आणि काय कोसळले याचा आलेख मिळतो, आणि कारण अनेकदा तेथेच सापडते. १९ जुलै २०२४ रोजी जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला होता, तो क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामाच्या एका सदोष अपडेटमुळे. त्या संगणकांची यंत्रसामग्री धडधाकट होती आणि बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये, म्हणजे केवळ आवश्यक भागांसह विंडोज सुरू करून, अपडेटची ती सदोष फाइल काढणे पुरेसे ठरले. आपल्याकडेही तोच मार्ग वापरता येतो: लॉगिनच्या पडद्यावर शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडावे, पुढच्या मेनूंतून सेफ मोडमध्ये जावे आणि शेवटी बसवलेली गोष्ट काढून पाहावी. प्रत्येक वेळी संकेत वेगळाच येत असेल तर रॅमवर संशय घ्यावा आणि 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवावे.

इंटरनेट आणि मराठी अक्षरे

इंटरनेट बंद असल्यास त्याच राउटरवर मोबाइल चालतो का हे पाहावे. तोही चालत नसेल तर संगणकात काही शोधण्याचे कारण नाही. राउटर अर्धा मिनिट बंद करून चालू करावा आणि मग सेवा देणाऱ्याला कळवावे. मोबाइल चालत असून संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्क सेटिंग्जमध्ये दिसणारा) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा केबलची टोके, पोर्टजवळचा दिवा आणि मग नेटवर्कचा ड्रायव्हर, असे तपासावे.

जुनी मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य खिचडी दिसली तर फाइल खराब झाली किंवा विषाणू आला असे मानण्याची गरज नाही. ती युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये, टंकलेली असते आणि तो फॉन्ट या संगणकावर नसतो. तो बसवला की मजकूर वाचता येतो, आणि परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून कायमचा युनिकोडमध्ये आणता येतो. टंकताना अचानक भाषा बदलली तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी कीबोर्ड परत निवडावा.

फोन क्रमांक असलेला इशारा

ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत 'आपला संगणक संक्रमित झाला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असा पडदा आला तर तो फसवणुकीचा आहे हे निःशंकपणे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. कोणाच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्राम बसवला गेला असेल तर इंटरनेट तोडावे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

दुरुस्तीला देताना

वरील क्रमाने जाऊनही दोष उरला तर संगणक दुरुस्तीला देण्यात काहीच कमीपणा नाही. नेण्याआधी, शक्य असेल तर, फाइलींची प्रत काढून ठेवावी आणि वहीतील नोंदी दुरुस्ती करणाऱ्याला वाचून दाखवाव्यात. 'चालत नाही' एवढेच सांगण्याऐवजी 'भिंतीला थेट लावून पाहिले, रॅम काढून बसवली, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, पण पडदा काळा राहतो' असे सांगितले तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात. पावतीवर प्रोसेसर, रॅमची क्षमता आणि डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. आपल्याला न विचारता फॉरमॅट करू नये हे पावतीवरच नोंदवावे, तोंडी सांगून थांबू नये. बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि जुनी डिस्क तर कोणत्याही परिस्थितीत दुकानात सोडू नये, कारण बंद पडलेल्या डिस्कमधूनही माहिती काढता येते.

संगणक परत घेताना दुकानातच चालू करून घ्यावा. सेटिंग्जमधील 'अबाउट' या पानावर रॅम आणि प्रोसेसर पावतीप्रमाणे आहेत का, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचे नाव तेच आहे का, तारीख बरोबर आहे का आणि आपले फोल्डर उघडतात का, हे पाहून मगच पैसे द्यावेत. जमा करताना दुकानदाराला पासवर्ड सांगितला असेल तर घरी पोहोचल्यावर तो बदलावा.